वाडीचं जुनं फाटक

प्रश्न : आमच्या वाडीच्या तोंडाशी शंभरेक वर्षांपूर्वीचं नक्षीदार लोखंडी फाटक आहे. खालून गंजलंय. वेल्डर म्हणतो, ‘रॉट आयर्नचंच नवं बसवून देतो.’ बदलावं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : कृपा करून बदलू नका. बाजारात आज ‘रॉट आयर्न’ म्हणून मिळतं ते बहुतेक माइल्ड स्टील असतं. खरं रॉट आयर्न, म्हणजे घडीव लोखंड, व्यापारी प्रमाणावर बनवणं ब्रिटनमध्येसुद्धा 1970च्या दशकात थांबलं.

आधी गंज खोल गेलाय तिथं बोट फिरवून बघा. लोखंड जुन्या लाकडासारखं धाग्याधाग्यानं सुटतंय? मग ते घडीव. त्यात धातुमळीचे (स्लॅगचे) बारीक तंतू असतात, ते ठोकताना-लाटताना लांबत जातात. वेलबुट्ट्या एकमेकींशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण प्रत्येक हातानं वळवलेली. सगळ्या हुबेहूब असतील, कडेला साच्याची रेघ असेल, तर ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड.

माझगावच्या एका बंगल्याचं फाटक मी दुरुस्तीला घेतलं होतं. आधीच्या कारागिरानं सांध्यांच्या पट्ट्यांवर वेल्डिंग फिरवलेलं. आत पाणी अडकून राहिलं आणि दोन पावसाळ्यांत पट्ट्या फुगून तडकल्या. फार जीव हळहळला. म्हणून कुजला तेवढाच तुकडा बदला, आणि तोही रिबिट मारून.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका. काम दिवाळीनंतर काढा, हवा कोरडी असते. साफ केल्या दिवशीच प्रायमर लावा. आपल्या खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड रात्रभरात तांबूस होतं.