घरच्या घरी टी-शर्टवर चित्र किंवा नाव कसं छापावं?

दोन-चारच टी-शर्ट हवे असतील तर ट्रान्सफर पेपर (यावर छापलेलं चित्र इस्त्रीच्या उष्णतेने कापडावर उतरतं) आणि इस्त्री पुरे. फिक्या कापडासाठी इंकजेट प्रिंटरवर चित्र आरशातल्यासारखं उलटं छापा. गडद कापडाचा कागद वेगळा मिळतो, त्यावर सरळच छापायचं. इस्त्रीतली वाफ बंद ठेवा आणि गादीवर नको, लाकडी पाटावर घट्ट दाबा. कडा कच्च्या राहिल्या की पहिल्याच धुण्यात चित्र तिथून सुटायला लागतं.

मंडळासाठी पंचवीस-तीस हवे असतील तर स्क्रीन प्रिंटिंगच करा. चौकटीवर ताणलेली, फक्त चित्रापुरती उघडी जाळी, कापडावर छापायचा रंग, रबरी पट्टीचा एक सलग हात! रंग वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवली की पक्का होतो. मला हीच पद्धत मनापासून आवडते.

सुती कापडावर सब्लिमेशनच्या, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात मुरवण्याच्या नादी लागू नका, त्याला पॉलिएस्टरच लागतं.