‘खटल्याला स्थगिती’ की ‘खटलाविराम’?

प्रश्न असा आहे: अमेरिकेचा न्याय विभाग एखाद्या कंपनीशी ‘डिफर्ड प्रॉसिक्यूशन अ‍ॅग्रीमेंट’ (आरोप ठेवायचा, पण अटी पाळल्या तर खटला पुढे न चालवण्याचा करार) करतो, किंवा एखाद्या आरोपीला ‘प्रीट्रायल डायव्हर्जन’ (खटल्याऐवजी अटींवर देखरेख, उपचार वगैरेंची वाट) देतो, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘खटल्याला स्थगिती’ चालेल, की सरळ ‘माफी’ लिहावं?

‘माफी’ नकोच. माफी मिळाली की विषय मिटतो. इथे करार मोडला तर खटला पुन्हा मानगुटीवर बसतो. ‘स्थगिती’ म्हटलं की आपल्याला न्यायालयाचा आदेश आठवतो: उच्च न्यायालयाने दिली, सर्वोच्च न्यायालयाने उठवली. हा तर सरकारी वकील आणि आरोपी यांच्यातला लेखी करार आहे. आणि ‘तहकूब’ म्हणजे नुसती पुढची तारीख.

खरी मेख ‘खटला’ या शब्दात आहे. प्रॉसिक्यूशनही खटला आणि ट्रायलही खटलाच. फरक दाखवतं ते क्रियापद. सरकार खटला भरतं, न्यायालयात तो चालतो. हा भेद आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की बातमीतही तोच वापरावा.

बोइंगचं प्रकरण घ्या. ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं कोसळली, ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात. ३४६ माणसं गेली. विमानाच्या एका नियंत्रण-प्रणालीबद्दल हवाई नियामकांची दिशाभूल केल्याचा ठपका कंपनीवर होता. जानेवारी २०२१ मध्ये न्याय विभागाने टेक्सासच्या संघीय न्यायालयात आरोप दाखल केला आणि सोबतच तीन वर्षांचा करारही. म्हणजे खटला भरला, पण चालवला नाही. कंपनीने घडलेलं मान्य केलं, अडीचशे कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. त्यातला फौजदारी दंड २४.३६ कोटींचा. तरीही ती ‘दोषी ठरली’ असं लिहिणं चूक, कारण दोषसिद्धी झालीच नव्हती. मे २०२४ मध्ये न्याय विभागाने करारभंग झाल्याचं सांगितलं आणि थांबलेलं प्रकरण पुन्हा उभं राहिलं. पुढे नवा करार होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारच्याच अर्जावरून न्यायालयाने तो आरोप रद्द केला. मृतांच्या नातेवाइकांचा या तडजोडींना विरोध होता, आणि मला तो रास्त वाटतो.

अशा करारासाठी मी ‘खटलाविराम’ सुचवेन. ‘युद्धविराम’ आपल्याला ठाऊक आहेच: दोन पक्षांनी ठरवलेला, अटींवर टिकणारा, मोडला की पुन्हा सुरू.

डायव्हर्जनला मात्र तो दर वेळी बसत नाही. ते बहुधा व्यक्तींसाठी असतं: देखरेख, व्यसनमुक्ती, समाजसेवा वगैरे. कधी ते आरोप दाखल होण्याआधीच दिलं जातं. खटला भरलेलाच नसेल तर विराम कशाला? तिथे ‘अटी पाळल्यास खटला न भरण्याचा करार’ असं लांबलचकच लिहावं. एका शब्दाचा हट्ट धरून अर्थ सांडू नये.

आपल्याकडची जवळची तरतूद म्हणजे अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ. थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. करार नाही, पण गाभा तोच. मराठी वाचकाला डायव्हर्जन समजावताना आधी हे कलम सांगावं, अमेरिकी शब्द मागाहून.