‘पुढे काय?’ला थोडं थांबू द्या

प्रश्न: ताई, 33 वर्षं हिशेब खात्यात काढली. तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. पहिल्याच आठवड्यात वहीत सात उद्दिष्टं लिहिली. बासरी शिकायची, नवी भाषा शिकायची, रोज पोहायचं, अशी. एकही दहा दिवसांपलीकडे टिकलं नाही. पहाटे साडेपाचला जाग येते आणि उठायचं कशासाठी तेच कळत नाही. भेटेल तो विचारतो, ‘आता पुढे काय?’ या वयात आयुष्याचा हेतू नव्याने शोधायचा तरी कसा?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. सात उद्दिष्टांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत आणि 33 वर्षांबद्दल एकच वाक्य. त्यातही शब्द ‘काढली’. मी तिथेच अडकले.

मी 22 वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका होते. पाठीचं दुखणं बळावलं आणि काम सोडावं लागलं. मीही घाईने याद्या केल्या, चित्रकलेचा वर्ग लावला आणि तीन आठवड्यांत सोडला. रात्रपाळीची सवय शरीर लवकर विसरत नाही. अशाच एका रात्री दोन वाजता उठून बसले आणि त्या नोकरीतलं नेमकं काय आठवतंय ते लिहायला घेतलं. वाटलं होतं, रुग्ण आठवतील. आठवली ती पाळी बदलतानाची दहा मिनिटं. त्याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणायचो. कुठल्या खाटेवर कोण आहे, कुणाचं सलाइन कधी संपेल, कुणाच्या मुलीला आज सावकाश समजावून सांगावं लागेल, हे सगळं पुढच्या मैत्रिणीच्या हवाली करून निर्धास्त निघायचं. ते माझं सगळ्यात आवडतं काम होतं आणि इतक्या वर्षांत मला ते कळलंच नव्हतं. आज घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या नातेवाइकांना मी तेच देते. कूस कधी बदलायची, जखम होण्याआधी टाचेवर आणि माकडहाडापाशी काय बघायचं, ते शिकवते. माझ्या कुठल्याच यादीत हे नव्हतं.

आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने 1909 साली माणसाच्या स्थित्यंतरांचे तीन टप्पे मांडले होते: जुन्यापासून सुटणं, उंबरठ्यावर असणं आणि नव्यात सामील होणं. तुम्ही पहिल्यातून थेट तिसऱ्यात उडी मारायला बघताय. उंबरठ्यावर तीन महिने म्हणजे काहीच नाही हो.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये नोकरी गेलेल्या 63 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींनी पाच दिवस रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे जे होतं ते लिहिलं. त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळालं, आणि तेही शोधाशोध जास्त केली म्हणून नव्हे. जुन्या नोकरीकडे बघण्याची त्यांची नजर बदलली होती.

तुम्हीही पाच दिवस लिहा. ताळेबंद जुळत नसताना तुम्ही कुणीही न सांगता उशिरापर्यंत थांबलात, असं कधी झालं? सहकारी तुमच्याच टेबलाशी कशासाठी यायचे? कुठला अपमान गिळलात? मुख्य म्हणजे कशाची आठवण अजिबात येत नाही, तेही लिहा. त्यातून बरंच ओझं उतरतं. ‘पुढे काय?’ विचारणाऱ्यांना सरळ सांगा, ‘सध्या मागचं बघतोय.’

एक गोष्ट मात्र परिचारिका म्हणून सांगते. साडेपाचची जाग नोकरीची सवय असेल तर तिची चिंता नको. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक कमी झाली असेल, सतत उदास वाटत असेल, तर लिहिण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

बासरी कपाटात राहू दे, ती कुठे जात नाही. पाच दिवसांनी ‘काढली’च्या जागी दुसरं एखादं क्रियापद सुचलं, तर मला नक्की कळवा.