दाबल्यावाचून दाबले जाणारे बटण

प्रश्न : गुहागरजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. विहिरीवरील पंपासाठी मी आर्डुइनो उनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) वापरून एक साधी रचना केली आहे. बोर्ड पंपघरात आणि बटण घराच्या पडवीत असून मधली तार पंपाच्या केबललाच बांधून नेली आहे. बटण एकदा दाबले की पंप सुरू व्हावा व पुन्हा दाबले की बंद व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. परंतु पंप कधी सुरू होऊन लगेच बंद पडतो, तर पावसाळ्यात सकाळी कोणी हात न लावताही सुरू झालेला असतो. प्रोग्राममध्ये अर्ध्या सेकंदाचा डिले (थांबा) टाकल्यावर पहिला प्रकार कमी झाला. मात्र बटण जरा जास्त वेळ धरले की तोच गोंधळ होतो. दुसरा प्रकार तसाच आहे. चिपमधील अंतर्गत पुलअप, म्हणजे बटण सुटलेले असताना त्याच्या पिनला (बोर्डावर तार जोडायच्या टोकाला) ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, चालू केलेला आहे. पिन बदलून पाहिली, बटणही नवे बसवले. दोष कोठे असावा?

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि एकाच औषधाने दोन्ही बऱ्या होतील या आशेने आपण डिले टाकलात, म्हणून गुंता वाढला.

पहिली तक्रार सोपी आहे. बटणातील धातूच्या पट्ट्या एकमेकींवर टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालणाऱ्या चिपला त्यातील प्रत्येक थरथर वेगळी दाब म्हणून दिसते. डिलेमुळे प्रोग्राम तेवढा वेळ डोळे मिटून घेतो, इतकेच. अर्ध्या सेकंदानंतरही बोट बटणावर असेल, तर त्याला ती नवी दाब वाटते. त्याऐवजी पिनची स्थिती बदलली की मिलिस या फंक्शनने वेळ टिपून ठेवावी, नवी स्थिती ५० मिलिसेकंद टिकली तरच ती खरी मानावी आणि ‘सुटलेले’ बटण ‘दाबलेले’ होते त्या क्षणीच पंपाची स्थिती उलटवावी. मग बोट कितीही वेळ राहिले तरी बिघडत नाही.

दुसऱ्या तक्रारीचा या थरथरीशी संबंध नाही, कारण तेथे बटण कोणी दाबलेलेच नाही. उनोवरील चिपचा अंतर्गत पुलअप २० ते ५० किलोओहम इतका दुबळा असतो (रोध जितका जास्त, तितकी ओढ कमी). घरात, कोरड्या हवेत, वीतभर तारेवर तो पुरतो. किनाऱ्यावर मात्र खाऱ्या वाऱ्याने बोर्डावर, बटणात आणि तारेच्या जोडांवर मिठाचा अदृश्य थर बसतो. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. जूनमध्ये स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत होते तेच येथे होते आणि त्या ओलाव्यातून पिनवरची वीज, बटण दाबल्यावर जाते तशीच, ग्राउंडकडे (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेकडे) झिरपते. ही गळती समजा १० किलोओहमची असली आणि आपल्या चिपचा पुलअप ३५ किलोओहमचा असला, तर पिनवर ५ व्होल्टऐवजी जेमतेम १.१ व्होल्ट उरतात. १.५ व्होल्टच्या खाली गेलेली पिन चिपच्या लेखी ‘दाबलेली’ असते. पिन बदलून काही साधले नाही, ते यामुळेच.

मात्र हे गृहीत धरू नका, मोजून पाहा. पंपाचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करावा आणि बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर चालवावा. दमट सकाळी, कशालाही हात लावण्यापूर्वी, मल्टिमीटरने पिन व ग्राउंड यांच्यामधील व्होल्टेज पाहावे. ते ५ व्होल्टच्या जवळ नसेल, तर बटणाची तार बोर्डाकडून सोडवावी. आकडा लगेच वर चढला तर गळती तारेत किंवा बटणात आहे. न चढल्यास बोर्डावरच आहे. आकडा पहिल्यापासूनच ५ च्या आसपास स्थिर असेल, तर संशय शेजारच्या केबलवर घ्यावा, कारण पंप किंवा घरातील अन्य मोटार चालू-बंद होताना उठणारे झटके समांतर तारेत उतरतात.

उपाय दोन्ही शक्यतांना धरूनच करावेत, असे माझे मत आहे. पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बोर्डाजवळ जोडावा. वरच्याच गळतीत पिनवर आता सुमारे ३.५ व्होल्ट राहतात आणि ३ व्होल्टच्या वर चिप ‘सुटलेले’ असेच वाचते. शिवाय दाबल्यावर बटणातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह जातो, जो किंचित काळवंडलेल्या पट्ट्यांनाही अंतर्गत पुलअपच्या प्रवाहापेक्षा बरा पडतो. झटके अडवण्यासाठी बटणाच्या तारेत बोर्डाशी १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिन-ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असावा. तार पंपाच्या केबलपासून निदान हातभर दूर न्यावी आणि सिग्नल व ग्राउंड या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल व जुन्या टूथब्रशने स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, त्यावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा रोखणाऱ्या पातळ संरक्षक लेपाचा) हात द्यावा. पडवीतील बटण आयपी ६७ दर्जाचे (धूळ व पाणी आत न शिरणारे), सीलबंद घ्यावे. साधे बटण दर पावसाळ्यात बदलण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.

प्रोग्राममध्ये पंप सलग किती वेळ चालू शकेल याची मर्यादाही घालावी. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेलेली असताना पंप कोरडा फिरला, तर खर्च बटणाचा नसतो.

प्रश्न : मी मालवणला अकरावीत शिकते. ईएसपी ३२ या (आर्डुइनोसारख्याच, पण ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या) बोर्डाच्या ३४ क्रमांकाच्या पिनला बटण जोडले आहे. अंतर्गत पुलअप चालू केला, तरी तारेजवळ नुसते बोट नेले की वाचन बदलते. बोर्ड खराब आहे का?

उत्तर : बोर्ड ठीक आहे. या चिपच्या ३४ ते ३९ क्रमांकांच्या पिनांना अंतर्गत पुलअप मुळातच नसतो, त्यामुळे तो चालू करण्याचा आदेश देऊनही पिन अधांतरीच राहते. १० किलोओहमचा रेझिस्टर पिनपासून ३.३ व्होल्टला जोडावा, ५ व्होल्टला मुळीच जोडू नये. किंवा बटण २५, २६ अथवा २७ क्रमांकाच्या पिनवर न्यावे, म्हणजे प्रोग्राममधील तोच आदेश लागू पडेल.