जुनीच डिस्क नव्या डब्यात घालू का?

प्रश्न: नमस्कार दादा, सांगलीहून लिहितेय. घरी तीन एक्सटर्नल हार्ड डिस्क आहेत, दोन टीबीच्या दोन आणि चार टीबीची एक, सगळं मिळून साडेतीन टीबी तरी भरलेलं असेल. मुलांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि सासऱ्यांच्या भजनाच्या कॅसेट, ज्या मी दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. आता भावाने दोन डिस्क बसतात असा नास, म्हणजे घरच्या नेटवर्कवर डिस्क ठेवायचा डबा, घेऊन दिलाय आणि सोबत चार टीबीची एक नवी डिस्क. तो म्हणतो दुसरी कशाला विकत घेतेस, जुनी चार टीबीची उघड आणि आत घाल, मिरर होईल, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच तेच राहील. करू का असं? आणि कॉपीला किती वेळ लागेल?

उत्तर: नका करू ताई. म्हणजे भाऊ अगदीच चुकीचं सांगतोय असं नाही, पण त्यात एक रात्र अशी येते की तेव्हा त्या जुन्या चार टीबीवरचं सगळं एकाच डिस्कवर असतं, आणि मला तीच रात्र नको वाटते.

बघा, नासला तुमची विंडोजवाली डिस्क आहे तशी मिररमध्ये घेता येत नाही. तो आधी ती पूर्ण पुसतो आणि मग स्वतःच्या पद्धतीने मांडतो. पुसायच्या आधी विचारतो, पण आपल्याला ओके दाबायची इतकी सवय झालेली असते की काय लिहिलंय ते कोण वाचतंय. भावाच्या मनात बहुतेक असं असेल की आधी सगळं नव्या डिस्कवर कॉपी करायचं, मग जुनी आत घालायची. आता जुनी पुसली गेली की उरली ती एकटी नवी, जी चार दिवसांपूर्वी खोक्यातून बाहेर आलीय, आणि मिरर तयार करायला नास तिलाच पहिल्यापासून शेवटपर्यंत कित्येक तास वाचत बसणार. भजनं त्या जुनीवरच होती आणि नेमकी त्यात नवी गचकली, तर कॅसेट पुन्हा उतरवायला बसावं लागेल, कॅसेट अजून वाजत असतील तर.

शिवाय ती चार टीबीची डिस्क यूएसबीवरच चालणारी, खिशात मावणारी असेल तर उघडून फायदा नाही. अशा बऱ्याच डिस्कना आत नासमध्ये बसायला लागणारा साटाचा कनेक्टरच नसतो, यूएसबी थेट बोर्डावर असतं, आणि काहींचा बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करून लिहितो, म्हणजे बोर्डाशिवाय ती डिस्क वाचताच येत नाही. शिवाय त्या बहुतेक एसएमआर असतात. एसएमआर म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले, एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सलग खूप लिहायला लागलं की डिस्क रडायला लागते. नाससाठी सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकावर एक न चढवलेली, घ्या आणि मॉडेल नंबर बघून घ्या, नुसत्या नावावर जाऊ नका. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेड नावाने नाससाठी विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कसुद्धा एसएमआर निघाल्या होत्या.

तेव्हा दुसरी डिस्क विकत घ्या. आत्ता पैसे नसतील तर नास महिनाभर पडून राहू दे, काही बिघडत नाही.

आता कॉपी. वायफायवर अजिबात नको, लॅपटॉप आणि नास दोन्ही राउटरला केबलने जोडा. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएस) असतील तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे साडेतीन टीबीला नऊ तास, आणि लहानलहान फोटो लाखांनी असतील तर त्याहून बरेच जास्त. पण पुष्कळ घरांत इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, मग वेग सेकंदाला ११ एमबीवर येतो आणि तेच काम पावणेचार दिवस चालतं. लोकांना वाटतं नासच बिघडलाय. बहुतेक नासना यूएसबी पोर्ट असतो, जुनी डिस्क सरळ तिथे लावून ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या नासच्याच स्क्रीनवरून कॉपी केली तर डेटाच्या वाटेतून राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बाजूला होतात, मी तर हेच सुचवेन.

कट-पेस्ट करू नका, कॉपीच. आणि तिन्ही डिस्कसाठी नासवर तीन वेगळी फोल्डर, डिस्क-१, डिस्क-२ अशी सरळ नावं. डुप्लिकेट काढणं, फोटो वर्षांप्रमाणे लावणं हे सगळं नंतर, आधी सामान नव्या घरात येऊ दे मग कपाटं लावा. विंडोजवरून रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरणार असाल तर ई (/E) वाला स्विच पुरे, एमआयआर (/MIR) वाला नको. तो दोन्हीकडे तंतोतंत सारखं करतो, म्हणजे तिकडे जास्तीचं जे असेल ते उडवतो. मी एकदा दोन डिस्क एकाच फोल्डरमध्ये एमआयआरने ओतल्या, दुसरीने पहिलीचं सगळं साफ केलं आणि मी शेजारी चहा पीत बसलेलो. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून आज हसून सांगतोय.

मराठी नावांची एक गंमत, कॅसेटच्या फाइल्सना अभंगाची अख्खी ओळ नाव म्हणून दिली असेल तर इकडे लक्ष द्या. नासवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त सगळे तीनतीन बाइट खातात. नुसतं ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं की ३० गेले. म्हणजे नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं, आणि सिनॉलॉजी कंपनीच्या नासवरच्या एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डरमध्ये तर साधारण ४७ चं. विंडोजवर चाललेलं नाव इथे अडतं, ती फाइल मागे राहते आणि एरर लॉगमध्ये कुठेतरी खाली असतो. म्हणून लॉग वाचा.

कॉपी झाली की तपासणी. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, चार फोटो उघडले म्हणजे चाळीस हजार ठीक आहेत असं नसतं. आधी दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट जुळवा, मग हॅश तपासा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा दोन्हीकडे सारखा आहे का ते. टेराकॉपी या प्रोग्रामने कॉपी केलीत तर त्यातलं व्हेरिफाय चालू ठेवा, लिनक्सवाल्यांनी आरसिंक चेकसमसकट पुन्हा एकदा फिरवा. वेळ कॉपीइतकाच जाईल, जाऊ दे. भजनांच्या दोनचार फाइल्स मात्र स्वतः शेवटपर्यंत ऐका, ते हॅशसाठी नाही, सासऱ्यांसाठी.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाइट गेली हे तो नासला सांगत नाही, बॅटरी संपली की नास धाडकन बंद. यूएसबीने नासला जोडता येतो असा छोटा यूपीएस घ्या, मग नास स्वतःहून नीट बंद होतो.

आणि जुन्या तिन्ही डिस्क पुसू नका, भावाकडे ठेवा, तो दुसऱ्या गावी असेल तर उत्तमच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं ते मी तुम्हाला काय सांगणार. नाससुद्धा तळमजल्यावर ठेवू नका.

प्रश्न: माझ्या नासमध्ये मिरर आहे, डेटा दोन डिस्कवर आहेच. मग जुन्या डिस्क भाच्याला गेमसाठी देऊन टाकू? (ठाणे)

उत्तर: भाच्याला थांबायला सांगा. मिरर म्हणजे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, एवढंच. तुम्ही चुकून फोल्डर उडवलंत तर दोन्हीकडून त्याच क्षणी उडतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नास लॉक केले होते, तिथे मिरर असून काय उपयोग, दोन्ही डिस्क लॉक. नास थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या फाइल्स जशाच्या तशा जपणारी नासची सोय) चालू करा, आणि घराबाहेर एक प्रत ठेवा. ती प्रत झाली आणि तिच्यातून एक फोल्डर परत आणून बघितलं, की मग डिस्क द्या खुशाल.

प्रश्न: कॉपी करताना जुनी डिस्क टकटक आवाज करतेय आणि मध्येच गायब होते. चेक डिस्क मारून बघू का? (नाशिक)

उत्तर: नाही! आत्ताच्या आत्ता काढा. चेक डिस्क दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहायला लागतो आणि मरायला टेकलेली डिस्क आणखी रगडली जाते. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपायही नको, आत दव धरतं. डेटा दुसरीकडे कुठे असेल तर सोडून द्या. नसेल आणि तो खरंच मोलाचा असेल तर पुन्हा चालूच करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. गेला तर गेला असा असेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढा, तो वाचता येतं ते आधी उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर येतो, मग फाइल्स त्या इमेजमधून शोधा. इमेजसाठी त्या डिस्कएवढी तरी रिकामी जागा लागेल, ती आधी तयार ठेवा आणि मगच आजारी डिस्क लावा.