मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी मॅरेथॉन धावून निधी गोळा करायचा आहे. तयारी किती लागते? की धावण्याऐवजी थेट देणगी मागितलेली बरी?

थेट मागून बघा. प्रत्येकी पाचशे रुपये मिळतील आणि विषय तिथेच संपेल. तुमचा दुसरा प्रश्न आमच्या काकांनी मला भर पंगतीत विचारला होता, "पैसे द्यायचेत तर द्या, धावायचं सोंग कशाला?" त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाईल, चालवून घ्या.

माझा धाकटा भाऊ २०१६ साली बाइकवरून पडला. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. ऑपरेशनचा खर्च मेडिक्लेममधून निघाला. पुढची दोन वर्षं फिजिओ, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, दिवसभराचा माणूस, सगळं घरच्यांच्या खिशातून. टाके सुकले, केस उगवले की लोकांच्या लेखी पेशंट बरा. काकांच्या मते तर तो 'आळशी झालाय'. अहो, दात घासायचेत हे त्याला ठाऊक असतं, पण पलंगावरून उठून सुरुवातच होत नाही. कपाळामागचा मेंदू, म्हणजे फ्रंटल लोब, दुखावला की होतं असं. वासही गेलाय त्याचा. दूध करपून पातेलं काळं होतं आणि हा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत बसलेला.

तर २०१९ची मुंबई मॅरेथॉन. एका संस्थेचा चॅरिटी बिब घेतला, म्हणजे संस्थेसाठी निधी गोळा करणाऱ्याला मिळतो तो छातीवरचा नंबर, तोही फुल मॅरेथॉनचा. दर रविवारी लाँग रन झाला की फॅमिली ग्रुपवर किलोमीटर टाकायचे आणि खाली भावाबद्दल दोन ओळी, या आठवड्यात काय जमलं, काय नाही. पैसे आणले ते त्या दोन ओळींनी. एका मावसबहिणीचा कित्येक वर्षांनी फोन आला. तिचे सासरे बाथरूममध्ये पडल्यापासून सारखे चिडतात, कुणाला दाखवू म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी भाऊ आणि आई पेडर रोडच्या चढावर उभे होते. पस्तीस किलोमीटर झाल्यावर तो चढ येतो, पोटऱ्यांचे दगड झालेले असतात. भावाकडे माझी डझनभर केळी आणि लिंबू सरबताची बाटली. विसरू नये म्हणून तळहातावर पेनाने माझं नाव लिहिलेलं. मी पोचले तर पिशवी रिकामी! येईल त्याला केळं देत सुटला होता. मी आईकडे बघितलं तर म्हणाली, "कुणी न सांगता करत होता गं. मी नाही अडवलं." पुढच्या स्टॉलवर संत्र्याच्या फोडी मिळाल्या, त्यावर भागवलं.

१ लाख १२ हजार जमले.

तयारीला सोळा-अठरा आठवडे धरा. देणगीदारांना ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सूट नव्या करप्रणालीत मिळत नाही हे आधीच सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. वाटेत नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरलं तर मेंदूलाच सूज येते. आणि हो, तुमच्या स्वतःच्या डोक्याला कधी मार लागला असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

काकांनी शेवटी ५०१ रुपये दिले. पावती मात्र तीनदा मागितली.