फळ्यावर बोलावलं की रडते

प्रश्न: ताई, मी नववीला गणित शिकवतो. एक मुलगी वहीत सगळं बरोबर सोडवते पण फळ्यावर बोलावलं की रडायलाच लागते, म्हणते सर चुकलं तर सगळे हसतील, मग मी शाळेत तोंड कसं दाखवू. कोणी हसत नाही, पॉझिटिव्ह विचार कर, असं किती वेळा सांगितलं, उपयोग शून्य. शाळेत समुपदेशक नाहीत. मी काय बोलू तिच्याशी?
(एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर: सर, "कोणी हसत नाही" हे आधी बंद करा. नववीतली पोरं हसतात आणि ते तिला चांगलं माहितीये.

तिच्याशी बोलण्याआधी हे बघा की कोणी खरंच तिच्या मागे लागलंय का, घरी मार्कांवरून मार बसतो का. तसं असेल तर तिची भीती खरी आहे, मग आधी त्या पोरांना नाहीतर घरच्यांना आवरायला लागेल.

तसं काही नसेल तर आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, कामाला येईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं, रडू घटनेमुळे थेट येत नाही, त्या घटनेबद्दल आपण मनात जे घोकतो त्यामुळे येतं. इथे फळा ही घटना, आणि घोकणं काय तर "माझं चुकताच कामा नये, चुकलं तर संपलं सगळं".

ऑफ तासाला निवांत बसा, दार उघडं ठेवून. विचारा, समज चुकलं, चार जण हसले, पुढे काय होईल? लाज वाटेल म्हणेल. बरं, मग? परवा दुसऱ्या कोणाचं चुकलं तेव्हा तू त्याला कायमचा ढ ठरवलंस का? चुकू नये असं वाटणं ठीक, पण चुकायचंच नाही हा नियम कोणी केला? विचारा आणि गप्प बसा, उत्तर तिचं तिला सापडू दे, तुम्ही दिलंत की परत उपदेशच झाला, तो घरी भरपूर मिळतो. "चुकलं तर वाईट वाटेल पण मी सहन करू शकते", असं काहीतरी तिच्या तोंडून आलं की तेवढं पुरे, अजिबात वाईट वाटू नये हा हट्ट आपणही धरायचा नाही.

मग गृहपाठ, कारण नुसत्या बोलण्याने भीती जात नाही. एलिस स्वतः मुलींशी बोलायला इतके लाजायचे की १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन शंभरेक अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलले, भेटायला तयार झाली एकच आणि तीही आली नाही, पण भीती गेली! (हा किस्सा वर्गात सांगायचा का ते तुम्ही ठरवा.) तिला आधी रिकाम्या वर्गात फळ्यावर सोडवू दे, मग एका मैत्रिणीसमोर, मग सगळ्यांसमोर मुद्दाम एक पायरी चुकवून. दर वेळी भीती ० ते १० मध्ये किती होती ते तिनेच लिहायचं. आणि तुम्हीही एकदा फळ्यावर चुका की!

बोलता बोलता "जगावंसं वाटत नाही" असं काही निघालं तर मात्र प्रश्न विचारत बसू नका. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला सांगा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मोफत आहे.